बालवाडीच्या वयाच्या मुलासाठी कन्सोलवरचा गेम कसा निवडावा

फिफा मालिकेतल्या फुटबॉल गेमच्या युरोपातल्या खोक्यावर हिरव्या चौकोनात ‘३’ हा आकडा असायचा. तो पाहून तीन वर्षांच्या मुलाच्या हाती तो गेम दिला, तर पाच मिनिटांत मूल कंट्रोलर टाकून निघून जाईल. पास, शूट, टॅकल, धावणं, खेळाडू बदलणं अशा प्रत्येक कामाला वेगळं बटण, आणि तीही नेमक्या क्षणी दाबायची. खोक्यावरचा आकडा एवढंच सांगतो की आत काही वावगं नाही. मुलाला गेम खेळता येईल का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

म्हणून तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी गेम घेताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. गेममध्ये काय दाखवलंय, हा पहिला. ज्या हाताला अजून काही जमत नाही त्या हाताशी गेम कसा वागतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खोक्यावर मिळतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा तिथेच.

आधी वेळेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीनसमोर घालवायचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, आणि कमी असेल तितकं बरं. या तासात टीव्ही आणि मोबाइलही आले. म्हणजे गेमच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटंच उरतात. गेम निवडताना हे आधीच डोक्यात असलेलं बरं, कारण ज्या गेमची एक फेरी चाळीस मिनिटांची आहे किंवा ज्यात सेव्ह करण्याची जागा ठरावीक ठिकाणीच येते, तो कितीही गोड दिसला तरी या घरात रोज रडारड करवणार. तीन-पाच मिनिटांत संपणारी शर्यत किंवा दहा मिनिटांची लेव्हल असलेला गेम शोधा.

रेटिंग कसं वाचायचं

युरोपात पेगी (२००३ पासून) आणि उत्तर अमेरिकेत ईएसआरबी (१९९४ पासून) या दोन पद्धती चालतात, आणि इतर देशांतल्या खोक्यांवरही बऱ्याचदा यांपैकीच एखादा शिक्का दिसतो. पेगीचे टप्पे ३, ७, १२, १६ आणि १८. ईएसआरबीकडे पूर्वी खास लहानग्यांसाठी ‘ईसी’ हा वर्ग होता. तो २०१८ मध्ये बंद झाला. आता त्यांचा सगळ्यांत खालचा वर्ग ‘ई’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यात रंग भरण्याचा गेमही बसतो आणि मोठ्यांनाही घाम फोडणारा कोडी सोडवायचा गेमही.

‘पेगी ७’ किंवा ईएसआरबीचा ‘ई १०+’ (दहा वर्षांपासून पुढच्यांसाठी) दिसलं की लगेच गेम बाजूला ठेवायचं कारण नाही. पेगी ७ चा शिक्का बऱ्याचदा लहान मुलं दचकतील अशा दृश्यांमुळे किंवा कार्टूनछाप मारामारीमुळे लागतो. तो नेमका कशामुळे लागला, हे पाहायचं. ईएसआरबीच्या संकेतस्थळावर बहुतेक गेमसाठी एक छोटा परिच्छेद असतो. त्यात शत्रू कसे दिसतात, मारल्यावर काय होतं, हे प्रसंगासकट लिहिलेलं असतं. दोन मिनिटांत वाचून होतो आणि खोक्यामागच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

रेटिंगशेजारच्या बारीक सूचनाही वाचा. गेममध्ये खरे पैसे मागितले जातात का, ही सूचना दोन्ही संस्था २०१८ पासून छापतात. पैसे भरून काय मिळेल हे नशिबावर असेल तर त्याची वेगळी नोंद २०२० पासून येते. या वयासाठी यांपैकी काहीही दिसलं तर सरळ दुसरा गेम पाहा. फुकट मिळणारे गेम तर जवळपास सगळेच खरेदीच्या बटणांवर उभे असतात, आणि मुलाला चमकणारं बटण दाबायचंच असतं. ऑनलाइन दुसऱ्या खेळाडूंशी होणारं बोलणं कुठल्याच रेटिंगमध्ये तपासलेलं नसतं.

चुकल्यावर काय होतं?

निवडीत सगळ्यांत जास्त वेळ या प्रश्नावर घालवा. चार वर्षांचं मूल गेममध्ये सतत चुकणार, ते गृहीतच. प्रश्न आहे तो चुकीची किंमत काय, हा. खड्ड्यात पडल्यावर पात्र दोन सेकंदांत तिथंच परत उभं राहिलं तर मूल हसून पुन्हा उडी मारतं. लेव्हल पहिल्यापासून सुरू झाली, वर ‘गेम ओव्हर’चं उदास संगीत वाजलं, तर तिसऱ्या वेळेला कंट्रोलर फेकला जातो. यात मुलाचा हट्टीपणा नाही. आपण नेमकं काय केल्यामुळे मागे गेलो, हे त्याला उमगतच नाही.

चांगल्या गेममध्ये ही सवलत मुद्दाम ठेवलेली असते, फक्त ती कुठे आहे ते माहीत हवं. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’मध्ये गाडी निवडताना अधिक चिन्हाचं बटण दाबलं (निन्टेन्डो स्विच या कन्सोलचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर म्हणजे जॉय-कॉन; त्यातला डावा धरला असेल तर वजा चिन्हाचं) की काही पर्याय उघडतात. त्यातल्या स्मार्ट स्टीअरिंगमुळे गाडी रस्त्याच्या कडेला गेली की आपोआप आत वळते, आणि ऑटो-ॲक्सिलरेटमुळे वेगाचं बटण धरून ठेवावं लागत नाही. दोन्ही चालू करा, ५० सीसी हा सगळ्यांत हळू वर्ग निवडा, की तीन वर्षांचं मूलही शर्यत पूर्ण करतं. कधीकधी स्टिकला (अंगठ्याने ढकलायच्या दांडीला) हात न लावता. कंट्रोलर तिरपा करून गाडी वळवण्याचा पर्यायही तिथेच आहे. मुलं तसंही कंट्रोलर स्टीअरिंगसारखा फिरवतातच, त्यामुळे तो चालू केला की त्यांची ती हालचाल फुकट जात नाही. पुढे मूल सरावलं की स्मार्ट स्टीअरिंग बंद करायला विसरू नका. ते चालू असताना गाडी काही आडवाटांवर जाऊ देत नाही आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय.

‘योशीज क्राफ्टेड वर्ल्ड’मध्ये मेलो मोड आहे: योशी या छोट्या डायनोसॉरला पंख फुटतात आणि उडीचं बटण धरून ठेवलं की तो तरंगत खड्डे पार करतो. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डीलक्स’मध्ये नॅबिट हे पात्र निवडलं तर शत्रूंचा धक्का लागत नाही. पण खड्ड्यात पडला तर नॅबिटही जातो. ‘हा मरतच नाही’ असं मुलाला आधी सांगून ठेवलंत तर पंचाईत होईल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्येही नॅबिट आणि सगळे योशी याच सवलतीचे आहेत. ‘कर्बी अँड द फरगॉटन लँड’मध्ये सुरुवातीलाच स्प्रिंग-ब्रीझ हा सोपा मोड विचारतात. लेगोच्या गेममध्ये पात्र फुटून लगेच पुन्हा जोडलं जातं, जातात ती फक्त जमवलेली नाणी. प्लेस्टेशन ५ घरात असेल तर ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ त्यात आधीच भरलेला असतो. वेगळा खर्च न करता तोच आधी देऊन पाहा. पडल्यावर क्षणात परत सुरू होतो आणि ‘इतक्याच संधी’ अशी मोजणी त्यात नाही.

काहीच न केल्यावर गेम काय करतो, हेही तपासा. मूल मधेच थांबून ढग बघतं, एखादं झुडूप दहा वेळा हलवतं, उगाच गोल गोल फिरतं. त्याच्या दृष्टीने खेळ तोच. वर घड्याळ उलटं चालत असेल किंवा मागून काही पाठलाग करत येत असेल, तर हे सगळं बंद पडतं.

हाताला काय झेपतं

साधारण तीन वर्षांचं मूल एका वेळी एकच गोष्ट करतं: स्टिक ढकलेल किंवा बटण दाबेल. धावता धावता उडी, म्हणजे दोन्ही अंगठे एकाच वेळी, ही कसरत बऱ्याच मुलांना चार-पाचाच्या सुमारास जमू लागते. दुसऱ्या स्टिकने कॅमेरा फिरवणं त्याच्याही पुढचं. त्रिमितीय गेममध्ये मूल भिंतीकडे तोंड करून अडकलेलं दिसलं तर समजावं की कॅमेरा त्याला सांभाळायला लागतोय.

म्हणून पहिला गेम शक्यतो असा घ्या, ज्यात पात्र फक्त डावी-उजवीकडे जातं किंवा कॅमेरा आपोआप मागे येतो. ‘माय फ्रेंड पेपा पिग’ (२०२१) आणि ‘पॉ पेट्रोल: ऑन अ रोल’ (२०१८) यांत एक स्टिक आणि एखादं बटण एवढ्यावर भागतं. ‘डोनट काउंटी’त तर जमिनीतला एक खड्डा इकडून तिकडे सरकवायचा आणि वस्तू आत पाडायच्या, बस. मधले संवाद मुलाला कळणार नाहीत, ते वगळून पुढे जावं. एक खुर्ची खड्ड्यात नाहीशी होताना पाहून होणारा आनंद संवादांवाचून अडत नाही.

कंट्रोलरचं वजनही मोजा. एक जॉय-कॉन सुमारे ५० ग्रॅमचा, प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅमचा. मोठ्या कंट्रोलरवर लहान मुलाची बोटं ट्रिगरपर्यंत, म्हणजे मागच्या बाजूच्या बटणांपर्यंत, पोचत नाहीत, आणि पोचवायला गेलं की अंगठा स्टिकवरून सुटतो. ट्रिगर लागणारा गेम असेल तर कंट्रोलर मांडीवर किंवा उशीवर टेकवून द्या. जॉय-कॉन आडवा धरताना त्याच्यासोबत मिळणारी मनगटी पट्टी लावली की वरची दोन बारीक बटणं मोठी होतात, आणि हात हलवायच्या गेममध्ये तो टीव्हीवर जाऊन आदळत नाही. अख्खा स्विच हातात धरून खेळायला देऊ नका. जॉय-कॉनसकट पहिल्या स्विचचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि मूल तो डोळ्यांजवळ ओढतं. टीव्हीला जोडा, नाहीतर टेबलावर उभा करा. स्विच लाइट या वयाला गैरसोयीचा, कारण त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत.

कंपन बंद करायचा पर्याय कन्सोलच्या सेटिंगमध्ये असतो. हातातली वस्तू अचानक थरथरली की काही मुलं दचकतात आणि गेमच नको म्हणतात. कारण मात्र सांगता येत नाही.

वाचावं लागतं का?

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ला पेगी ३ आहे, त्यात हिंसा नाही, चुकल्याची शिक्षा नाही. आणि तरीही चार वर्षांच्या मुलाने तो एकट्याने खेळावा असा नाही, कारण तो चालतो मजकुरावर. शेजारी काय म्हणतोय, दुकानात काय विकायचं, पुढचं काम कोणतं, सगळं वाचायचं. पात्रं बोलल्यासारखा आवाज काढतात, पण ते शब्द नव्हेत. पोकेमॉनच्या गेमचंही तेच. मोठं माणूस शेजारी बसून वाचून दाखवणार असेल तर गोष्ट निराळी. मग मासे पकडणं आणि झाडं हलवणं मुलाकडे, वाचन मोठ्यांकडे.

गेममध्ये खरा आवाज असला तरी तो मुलाच्या घरच्या भाषेत असेलच असं नाही. त्यामुळे कसोटी एकच ठेवा: आवाज बंद करून, एकही शब्द न वाचता, पुढे कुठं जायचं हे चित्रावरून कळतं का? बाण, चमक, रंग, पात्राचं बोट दाखवणं यावर गेम चालत असेल तर तो चालेल.

खोक्यावर ‘शैक्षणिक’ लिहिलंय म्हणून घाई करू नका. बऱ्याचदा त्यात अक्षरं ओळखण्याचं काम आणि त्यानंतर बक्षीस म्हणून खेळ, असे दोन वेगळे तुकडे चिकटवलेले असतात. मुलाला दुसरा तुकडा हवा असतो आणि पहिल्यात ते अंदाजे बटणं दाबत सुटतं.

शेजारी बसून खेळायचं तर

या वयात सगळ्यांत चांगला गेम म्हणजे दोघांना एकाच चित्रात ठेवणारा. पडदा दोन भागांत विभागला की मूल चुकीच्या अर्ध्या भागाकडे पाहत राहतं आणि ‘माझी गाडी चालत नाही’ म्हणतं. विभागलेला पडदा टाळता येत नसेल तर मुलाचा भाग ज्या बाजूला येतो त्या बाजूला त्याला बसवा, आणि दोन गाड्यांचे रंग एकमेकांपासून लांबचे निवडा.

‘सुपर मारिओ ओडिसी’मध्ये एक जण मारिओ चालवतो आणि दुसरा त्याची टोपी, कॅपी. टोपी मुलाकडे द्या. ती उडते, नाणी गोळा करते, शत्रूंना टप्पल मारते. खरी धावपळ मोठ्यांकडे राहते, आणि तरी मुलाचं काम पडद्यावर दिसतं. या गेमला पेगी ७ आहे आणि काही राक्षस मोठे आहेत. ते आधी स्वतः पाहून घ्या. लेगोच्या गेममध्ये दुसरा खेळाडू हवा तेव्हा आत येतो, हवा तेव्हा बाहेर जातो. मूल पाच मिनिटांनी उठून गेलं तरी काही बिघडत नाही.

एक सोय फार कमी घरांत वापरली जाते. एक्सबॉक्सवर २०१७ मध्ये कोपायलट नावाने ती आली: दोन कंट्रोलर मिळून एकच पात्र चालवतात. प्लेस्टेशन ५ वरही २०२३ पासून दुसरा कंट्रोलर मदतनीस म्हणून जोडता येतो. मूल चालत राहतं. उडी चुकणार असं दिसलं की तुम्ही तुमच्या कंट्रोलरवरून ती मारता, आणि कॅमेराही तुमच्याकडे. माइनक्राफ्टसारखा गेम, ज्यात दोन्ही स्टिक लागतात, तो या वयात असाच झेपतो. त्यात क्रिएटिव्ह मोड निवडा म्हणजे मरण्याचा प्रश्न नाही, आणि काठिण्य ‘पीसफुल’वर ठेवा. धाकट्याच्या हातात न जोडलेला कंट्रोलर देण्याची युक्ती तिसऱ्या वर्षापर्यंत चालते. नंतर मूल एकदा स्टिक डावीकडे दाबून उजवीकडे गेलेली गाडी बघतं, आणि संपलं.

पैसे देण्याआधी

गेमचं नाव टाकून, मागे कुणी बोलत नाही असा खेळाचा व्हिडिओ शोधा. कंपनीचा ट्रेलर नको, त्यात सगळ्यांत भारी क्षण एकत्र कापलेले असतात. पहिली दहा मिनिटं पाहा आणि मग थेट शेवटाकडचा एखादा भाग. सुरुवात गोंडस आणि शेवटचा राक्षस भीतिदायक, ही जोडी मुलांच्या गेममध्येही सर्रास सापडते. कर्बीच्या गेमचे शेवट याबाबतीत प्रसिद्ध आहेत. पाहताना मजकुराचे चौकोन किती येतात, पडल्यावर किती मागे जावं लागतं, दोन सेव्हमध्ये किती वेळ जातो, एवढं टिपा.

मग डेमो. स्विचच्या ऑनलाइन दुकानात ‘योशीज क्राफ्टेड वर्ल्ड’ आणि ‘कर्बी अँड द फरगॉटन लँड’ यांचे डेमो फुकट मिळत आले आहेत. मूल डेमो दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा मागतंय, तर गेम घ्या. या वयात तीच लेव्हल वीस वेळा खेळण्यात त्यांना काही वाटत नाही, त्यामुळे काही वेळा डेमोवरच महिना निघतो.

टीव्हीवरच्या आवडत्या कार्टूनचा गेम घेताना किंमत आणि लांबी शेजारी ठेवून बघा. असे बरेच गेम काही तासांत संपतात, आणि किंमत मात्र मोठ्या गेमच्या जवळपास असते. सवलतीची वाट पाहावी. डिस्क किंवा कार्ड घेतलं तर नंतर विकता येतं. पण खोक्यात कार्ड आहे की नुसता डाउनलोडचा कोड, हे पाठीमागे वाचून घ्या. स्विचचं कार्ड टपाल तिकिटाएवढं असतं. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून निन्टेन्डोने त्यावर डेनाटोनियम बेंझोएट हा अतिशय कडू पदार्थ लावलाय. तरी ते गिळण्याजोगं आहे, तेव्हा कार्ड बदलण्याचं काम मोठ्यांचंच.

कन्सोल मुलाच्या हाती देण्याआधी

मुलासाठी वेगळं प्रोफाइल उघडा. नाहीतर कुणाचा तरी पन्नास तासांचा सेव्ह एका दुपारी पुसला जातो. खरेदीला दर वेळी पासवर्ड लागेल असं सेटिंग करा आणि कार्डाचा नंबर साठवू नका. प्लेस्टेशनच्या मुलाच्या खात्यात महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते.

स्विचचं पालक नियंत्रणाचं ॲप मोबाइलवर येतं. त्यात दोन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. वेळ संपल्यावर नुसती सूचना दिसते, गेम चालूच राहतो; थांबवायचा तर ‘सस्पेंड सॉफ्टवेअर’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. आणि ही मर्यादा अख्ख्या कन्सोलला लागते, एका प्रोफाइलला नाही. मोठं भावंड आधी खेळलं तर धाकट्याचा वेळ तिथेच संपतो. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर वेळ मुलाच्या खात्यानुसार लावता येते.

कन्सोलला जोडायचे व्हीआर (आभासी दुनिया दाखवणारे) चष्मे या वयाला अजिबात नाहीत. प्लेस्टेशन व्हीआर२ साठी कंपनीनेच बारा वर्षांची अट घातली आहे. आकडी येण्याचा इतिहास असेल तर लखलखाट असलेले गेम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खोलीत दिवा लावून, टीव्हीपासून लांब बसून खेळणं सगळ्यांसाठीच बरं.

पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी गेम तुम्ही एकट्याने आधी सुरू करा. खातं जोडणं, अपडेट उतरवणं, प्रस्तावना, सराव, हे सगळं पार करून गेम खऱ्या खेळापाशी आणून ठेवा. मूल शेजारी बसलेलं असताना अपडेटची पट्टी वीस मिनिटं सरकत राहिली, तर त्या दिवसाचा खेळ झालाच म्हणून समजा.

बंद करताना घड्याळापेक्षा गेमचा आधार घ्या. ‘पाच मिनिटं राहिली’ यातून चार वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. ‘ही शर्यत संपली की बंद’ कळतं. शर्यत सुरू होण्याआधी सांगा, मधे नाही. ॲपमधली मर्यादा ठरलेल्या वेळेपेक्षा जरा सैल ठेवा, म्हणजे लेव्हलच्या मध्यात पडदा काळा होत नाही. अर्धवट राहिलंच तर कन्सोल पूर्ण बंद न करता स्लीपवर ठेवा आणि ‘उद्या इथूनच’ असं दाखवून द्या.

दोन आठवड्यांनंतरही मूल प्रत्येक वेळी कंट्रोलर तुमच्या हातात देऊन ‘तू कर’ म्हणत असेल, तर गेम त्याच्या हाताच्या पुढचा आहे. तो बाजूला ठेवा आणि सहा महिन्यांनी परत काढा. या वयात सहा महिने म्हणजे पुष्कळ. तोच गेम तेव्हा बहुधा जमतो.